कामाच्या संगणकासाठी रॅम : आधी मोजमाप, मग खरेदी

नागपुरात सीताबर्डीवरच्या संगणकाच्या दुकानात जाऊन "व्हिडिओ एडिटिंगसाठी मशीन जोडायचे आहे" असे म्हटले की समोरून पहिला प्रश्न येतो तो बजेटचा, आणि त्या बजेटात प्रोसेसर, ग्राफिक कार्ड व रंगीत दिव्यांचे कॅबिनेट बसवून झाल्यावर जे उरेल त्यात रॅम, म्हणजे चालू कामाची माहिती धरून ठेवणारी मेमरी, उरकली जाते. लग्नाचे व्हिडिओ करणारे, ताडोबा आणि पेंचच्या जंगलात छायाचित्रे काढणारे, वास्तुविशारद, उमरेडकडच्या कोळसा खाणींचे किंवा काटोल-नरखेडच्या संत्राबागांचे ड्रोनने सर्वेक्षण करणारे अशा अनेकांची यंत्रे मी जोडून दिली आहेत किंवा दुरुस्त केली आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांची तक्रार एकच असते की मशीन महागाचे घेतले तरी ते अडते. उघडून पाहिल्यावर कधी रॅम कमी असते, कधी एकच पट्टी बसवलेली असते, कधी चार पट्ट्या एकमेकींशी जुळत नसतात, तर कधी भरपूर रॅम असूनही ती खोक्यावर छापलेल्या वेगाने चालतच नसते.

खरेदीतली चूक पूर्वी फारशी महाग पडत नसे, कारण कमी पडली तर आणखी एक पट्टी आणून लावता येई. आता तसे राहिलेले नाही. जगातली बहुतांश मेमरी चिप सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांची मागणी त्यांच्याकडे वळल्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धात साध्या ग्राहकाच्या रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा आपला 'क्रूशियल' हा व्यवसाय बंद करण्याचेच जाहीर केले. अशा बाजारात अंदाजाने दुप्पट घेणे आणि अंदाजाने निम्मी घेणे या दोन्ही गोष्टी खिशाला सारख्याच लागतात; म्हणून खालची रीत मोजमापापासून सुरू होते.

पहिली पायरी : हातातल्या मशीनवर मोजा

आपल्या कामातील सर्वांत जड असा एखादा खरा प्रकल्प उघडा, नमुन्याचा नव्हे. काम करताना ब्राउझर, व्हॉट्सअ‍ॅप, गाण्यांचे अ‍ॅप असे जे काही एरवी चालू असते तेही चालू राहू द्या, आणि अर्धा-पाऊण तास नेहमीसारखे काम करा. त्यानंतर विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा व परफॉर्मन्स या भागात मेमरीवर क्लिक करा. तिथे दिसणाऱ्या आकड्यांपैकी 'इन यूज' सर्वांच्या नजरेत भरतो, परंतु निर्णयासाठी 'कमिटेड' हा आकडा जास्त उपयोगी आहे. तो दोन संख्यांचा असतो : पहिली संख्या म्हणजे सर्व प्रोग्रॅमना मिळून विंडोजने कबूल केलेली जागा, आणि दुसरी म्हणजे रॅम व डिस्कवरची पेज फाइल (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) मिळून असलेली कमाल मर्यादा. पहिली संख्या आपल्या प्रत्यक्ष रॅमच्या बरीच वर जाऊन तिथेच टिकत असेल, तर रॅम अपुरी असण्याचा दाट संशय घ्यावा.

मात्र संशयावर खरेदी करू नये. कबूल केलेली सगळीच जागा प्रोग्रॅम वापरतात असे नाही, म्हणून त्याच ठिकाणाहून रिसोर्स मॉनिटर उघडून मेमरीच्या भागात 'हार्ड फॉल्ट्स' किती होतात ते पाहावे. प्रोग्रॅमला हवे असलेले पान, म्हणजे माहितीचा तुकडा, रॅममध्ये न सापडल्याने ते डिस्कवरून आणावे लागणे म्हणजे हार्ड फॉल्ट. फाइल उघडताना असे काही फॉल्ट होणे स्वाभाविक आहे. पण टाइमलाइनवर नुसते मागे-पुढे करताना किंवा ब्रश फिरवताना ते सतत शेकड्यांनी होत असतील, तर मशीन अडण्याचे कारण सापडले असे समजावे. एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमशी तुलना केल्यास तिचा प्रतिसाद शेकडो ते हजारपट मंद असतो. मॅकवर हेच काम अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमधला मेमरी प्रेशरचा आलेख करतो. तो कामाच्या वेळी हिरवा राहत असेल तर अधिक मेमरीचे मॉडेल घेण्याचे कारण नाही.

इथे एक सावधगिरी बाळगावी लागते. फोटोशॉप आणि आफ्टर इफेक्ट्स हे दिलेली जागा भरून टाकणारे प्रोग्रॅम आहेत, त्यामुळे ९० टक्के रॅम वापरात दिसली म्हणजे ती कमीच पडते आहे असा अर्थ होत नाही. फोटोशॉपला मिळणारी जागा मुळात उपलब्ध रॅमच्या साधारण ७० टक्के अशी ठरवलेली असते आणि ती त्याच्या सेटिंगमध्ये बदलता येते. ती नजरचुकीने फार कमी ठेवल्यामुळे ३२ जीबीच्या मशीनवर फोटोशॉप रडत बसलेले मी पाहिले आहे. तिथे खर्च शून्य आला.

मोजलेल्या कमाल गरजेवर साधारण एक तृतीयांश भर घालावी आणि मग बाजारात मिळणाऱ्या पुढच्या मापावर जावे. समजा, कमिटेड ४१ जीबीपर्यंत जात असेल तर भर घालून ५५ होतात, आणि बाजारातले पुढचे सोयीचे माप ६४ आहे.

दुसरी पायरी : जे काम अजून सुरूच झालेले नाही त्याचा हिशेब

नवे काम अंगावर घेताना मोजायला जुने प्रकल्प नसतात. अशा वेळी गणित करावे लागते आणि ते दिसते तितके अवघड नाही, कारण चित्र शेवटी बिंदूंचेच बनलेले असते.

छायाचित्रकारांपासून सुरुवात करू. ४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेला वाघाचा फोटो फोटोशॉपमध्ये १६ बिटमध्ये उघडला, की प्रत्येक बिंदूला तीन रंग आणि प्रत्येक रंगाला दोन बाइट या हिशेबाने एक पूर्ण लेयर २७० एमबी जागा घेतो. असे वीस लेयर झाले की ५.४ जीबी झाले, आणि मागे जाण्यासाठी ठेवलेला हिस्टरीचा साठा त्यावर वेगळा. उजेड किंवा रंग बदलणारे अ‍ॅडजस्टमेंट लेयर मात्र जवळपास फुकट असतात, म्हणून लेयरच्या नुसत्या संख्येला घाबरू नये. एकेका फोटोवर काम करणाऱ्याला ३२ जीबी पुरेशी होते. पेंचच्या जलाशयाचे आठ-दहा फोटो जोडून पॅनोरामा करणाऱ्याने किंवा लाइटरूम, फोटोशॉप आणि नॉइज काढणारे एखादे सॉफ्टवेअर एकाच वेळी उघडे ठेवणाऱ्याने ६४ चा विचार करावा.

व्हिडिओचे गणित याहून कठोर आहे. ४के चौकट ३८४० बाय २१६० बिंदूंची, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदूंची असते. आफ्टर इफेक्ट्समध्ये १६ बिटचा प्रकल्प असेल तर तीन रंग आणि पारदर्शकता मिळून प्रत्येक बिंदूला ८ बाइट लागतात, म्हणजे एका चौकटीला ६६ एमबी. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर एका सेकंदाच्या प्रिव्ह्यूला १.६६ जीबी आणि दहा सेकंदांना साडेसोळा जीबी. हाच प्रकल्प ८ बिटमध्ये ठेवला तर निम्मी आणि ३२ बिटमध्ये नेला तर दुप्पट जागा लागते. लग्नपत्रिकेची हलती आवृत्ती किंवा जाहिरातीचे टायटल करणाऱ्यांचे ३२ जीबीचे मशीन पाच-सात सेकंदांनंतर दम का टाकते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. त्या वर्गाला ६४ ही सुरुवात आणि ९६ किंवा १२८ ही चैन नव्हे. ज्यांना ते परवडत नाही त्यांनी प्रिव्ह्यू अर्ध्या रिझोल्यूशनवर पाहावा, कारण लांबी व रुंदी दोन्ही निम्मी झाल्याने जागा एक चतुर्थांशच लागते.

याउलट नुसते कट जोडून, रंग जुळवून, गाणे लावून लग्नाची फिल्म बनवणाऱ्याची गरज लोक समजतात त्यापेक्षा कमी असते. डाव्हिंची रिझॉल्व्हच्या निर्मात्यांची शिफारस साध्या कामाला १६ आणि त्यातील फ्यूजन हा इफेक्टचा भाग वापरायचा असल्यास ३२ जीबीची आहे. असे असूनही लग्नवाल्यांचीच टाइमलाइन सर्वांत जास्त अडते, आणि तिथे खरा गुन्हेगार पुष्कळदा रॅम नसून कॅमेऱ्याचे फुटेज असते. आजचे कॅमेरे एच २६५ पद्धतीने, १० बिट ४:२:२ मध्ये जे चित्रण करतात ते उलगडण्याची सोय प्रोसेसरमध्ये किंवा ग्राफिक कार्डात असावी लागते. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढे अंतर्गत ग्राफिक असलेल्या प्रोसेसरमध्ये ती आहे, एनव्हिडियाच्या कार्डांत ती ५० मालिकेपासून आली. ही सोय नसलेल्या मशीनमध्ये ३२ ची १२८ जीबी रॅम केली तरी टाइमलाइन तशीच अडखळेल. अशा गिऱ्हाइकाला मी रॅम न विकता प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या प्रती, बनवायला शिकवतो. त्याने दुकानदारीचे नुकसान होते, पण तो परत येतो.

त्रिमितीय काम करणाऱ्यांनी रॅम आणि ग्राफिक कार्डाची स्वतःची मेमरी यांत गल्लत करू नये. ब्लेंडरमध्ये कार्डावर रेंडर करताना दृश्य प्रथम रॅममध्ये तयार होते आणि मग कार्डाच्या मेमरीत जाते; तिथे ते मावले नाही तर काही भाग रॅममध्ये ठेवून काम रेटता येते, परंतु वेग घसरतो. म्हणून रॅम कार्डाच्या मेमरीच्या निदान दुप्पट असावी असा ठोकताळा धरतात आणि मला तो योग्य वाटतो. वास्तुविशारदांच्या रेव्हिट या इमारतींची मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरबद्दल फाइलच्या आकाराच्या वीसपट जागा लागते असा ठोकताळा आहे. ३०० एमबीचे मॉडेल त्या हिशेबाने ६ जीबी घेईल. त्यामुळे एकट्या रेव्हिटसाठी कुणी १२८ जीबी सुचवत असेल तर त्याला हा गुणाकार करून दाखवावा. संगीतकारांपैकी ज्यांच्याकडे वाद्यवृंदाच्या मोठ्या सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या ध्वनिमुद्रित आवाजांचे संच) आहेत त्यांना ६४ लागते, इतरांना ३२ मध्ये काही कमी पडत नाही.

सर्वांत भुकेले काम ड्रोनच्या फोटोंचे. नागपुरात महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरो या दोन्ही संस्था असल्यामुळे असेल कदाचित, पण नकाशे आणि सर्वेक्षणाचे काम करणाऱ्या छोट्या कार्यालयांची गाठ इथे वारंवार पडते. शेकडो फोटो जुळवून त्यांचा दाट बिंदुमेघ (जागेवरच्या असंख्य बिंदूंचा त्रिमितीय संच) आणि त्यावरून जमिनीचा पृष्ठभाग तयार करण्याच्या टप्प्यावर रॅमची गरज अचानक उसळते, आणि तिथे रॅम संपली तर काम नुसते मंद होण्यावर भागत नाही, रात्रभर चाललेली प्रक्रिया पहाटे त्रुटी देऊन बंद पडते. अशांनी ६४ पासून सुरुवात करून १२८ पर्यंत जागा ठेवावी, आणि तोवर प्रकल्पाचे तुकडे करून प्रक्रिया करण्याची सवय लावून घ्यावी. १२८ च्या वर जाणाऱ्यांनी हेही तपासावे की विंडोज ११ ची होम आवृत्ती १२८ जीबीपलीकडची रॅम वापरूच देत नाही. त्यासाठी प्रो आवृत्ती लागते.

तिसरी पायरी : किती पट्ट्यांत घ्यायची

साध्या डेस्कटॉप प्रोसेसरला मेमरीशी बोलण्यासाठी दोन वाटा असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. एकच पट्टी बसवली की एक वाट मोकळी राहते आणि माहिती वाहून नेण्याची क्षमता निम्मी होते. ५६०० वेगाच्या डीडीआर ५ (रॅमची नवी पिढी; आधीची डीडीआर ४) ची एक पट्टी सेकंदाला ४४.८ जीबी वाहते, दोन मिळून ८९.६ जीबी. म्हणूनच "आत्ता ३२ ची एक घ्या, पैसे आले की दुसरी लावू" हा दुकानातला लाडका सल्ला मी कुणाला घेऊ देत नाही. दुसरी पट्टी घेण्याची वेळ येईपर्यंत तोच माल मिळेलच असे नसते, आणि नाव एकच असले तरी आतल्या चिप बदललेल्या असू शकतात.

याच्या उलट टोकाची चूक मी स्वतः केली आहे. माझ्या स्वतःच्या मशीनमध्ये १६ च्या दोन पट्ट्या होत्या. वर्षभराने त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या आणखी दोन आणून रिकाम्या जागी बसवल्या आणि ६४ जीबी झाल्याच्या आनंदात छापील ६००० चा वेग तसाच चालू ठेवला. मशीन सुरू झाले, दोन आठवडे चाललेही. मग मे महिन्यात एका लग्नाच्या फिल्मचे अंतिम रेंडर तीनदा अर्ध्यावर बंद पडले, प्रत्येक वेळी वेगळ्या जागी. सॉफ्टवेअर पुन्हा टाकले, ग्राफिकचा ड्रायव्हर बदलला, वऱ्हाडाकडचे फोन टाळले. शेवटी दोन पट्ट्या काढल्यावर रेंडर एका दमात पूर्ण झाले.

दोष पट्ट्यांचा नव्हता. डीडीआर ५ मध्ये एका चॅनेलवर दोन पट्ट्या आल्या की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवरचा भार इतका वाढतो की निर्मातेच वेग बराच खाली आणायला सांगतात. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेसाठी दोन पट्ट्यांचा अधिकृत वेग ५२०० आहे आणि चार पट्ट्यांचा ३६००. रायझन ९००० साठी दोनचा ५६००, चारचा पुन्हा ३६००. चार पट्ट्या याहून वेगात चालवणारे लोक आहेत, त्यांना नशिबाची आणि सवडीची साथ आहे. ज्याला शनिवारी फिल्म द्यायची आहे त्याने दोनच पट्ट्या घ्याव्यात. २०२३ पासून २४ आणि ४८ जीबीच्या पट्ट्याही मिळू लागल्या, त्यामुळे दोन पट्ट्यांत ३२, ४८, ६४ आणि ९६ असे टप्पे गाठता येतात, आणि अलीकडे ६४ च्या पट्ट्या आल्याने १२८ सुद्धा दोन पट्ट्यांत होते. मात्र जुन्या बोर्डावर ४८ किंवा ६४ ची पट्टी लावण्याआधी त्याचे बायॉस (बोर्डातले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करावे लागते. डीडीआर ५ ची ८ जीबीची पट्टी तर घेऊच नये. तिच्यावर चारच चिप असतात आणि त्यांच्या रचनेमुळे ती १६ च्या पट्टीपेक्षा मंद पडते.

चौथी पायरी : डीडीआर ४ की डीडीआर ५

इथे निवड रॅमची नसून मदरबोर्डाची असते. एएमडीचे एएम ४ बोर्ड डीडीआर ४ चे, एएम ५ बोर्ड फक्त डीडीआर ५ चे. इंटेलच्या १२ व्या ते १४ व्या पिढीसाठी दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात, पण एका बोर्डावर एकच प्रकार चालतो. त्यापुढच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेला डीडीआर ५ च लागते. दोन्ही पट्ट्यांना २८८ पिना असल्या तरी मधली खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीची पट्टी जोर लावून बसवण्याचा प्रयत्न करू नये. नवे मशीन जोडणाऱ्याने डीडीआर ५ घ्यावी. ज्याचे डीडीआर ४ चे मशीन नीट चालते आहे आणि फक्त रॅम कमी पडते, त्याने सगळे मशीन बदलण्याऐवजी तीच वाढवावी, जरी तीही आता पूर्वीसारखी स्वस्त राहिलेली नाही.

लॅपटॉप घेणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की पुष्कळ पातळ लॅपटॉपमध्ये आणि अ‍ॅपलच्या सर्व नव्या मॅकबुकमध्ये मेमरी कायमची जोडलेली असते. तिथे दुसरी संधी नाही, म्हणून पहिल्या पायरीतले मोजमाप त्यांच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे.

पाचवी पायरी : वेगाचा आकडा वाचायला शिका

खोक्यावर ६००० असा आकडा आणि शेजारी सीएल ३० किंवा सीएल ३६ असे लिहिलेले असते. पहिला आकडा सेकंदाला किती दशलक्ष देवघेवी होतात ते सांगतो, दुसरा मागणी केल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत किती ठोके वाट पाहावी लागते ते. दोन्ही मिळून खरा विलंब काढायचा असेल तर सीएलला २००० ने गुणून वेगाने भागावे. उत्तर नॅनोसेकंदांत येते. ६००० सीएल ३० चा विलंब १० नॅनोसेकंद, ६००० सीएल ३६ चा १२, आणि ५६०० सीएल ४६ चा १६.४. गंमत अशी की जुन्या डीडीआर ४ ची ३२०० सीएल १६ पट्टीही १० नॅनोसेकंदांवरच येते. नव्या पिढीने वाट रुंद केली आहे, उंबरठा तेवढाच आहे.

रायझन ७००० आणि ९००० साठी ६००० हा आकडा सोयीचा मानला जातो, कारण तिथवर मेमरी आणि तिचा कंट्रोलर एकाच तालात चालतात. त्याहून फार वर गेले की कंट्रोलर निम्म्या तालावर येतो आणि मिळवलेले परत जाते. रेंडरिंगमध्ये ५६०० आणि ६४०० यांतला फरक हातात घड्याळ धरून मोजावा लागतो, तर ३२ जीबी संपल्यावर येणारा फरक डोळ्यांना दिसतो. म्हणून पैशांची ओढाताण असेल तर वेग सोडावा, जागा सोडू नये.

सहावी पायरी : ईसीसीची गरज कुणाला

रॅममधला एखादा बिट क्वचित आपोआप उलटतो. ईसीसी मेमरी अशी एक बिटची चूक ओळखून दुरुस्त करते, आणि त्यासाठी पट्टीवर जादा चिप असतात. डीडीआर ५ च्या प्रत्येक चिपमध्ये आतल्या आत चूक सुधारण्याची सोय असते, तिलाच काही विक्रेते ईसीसी म्हणून खपवतात. पण ती चिपच्या बाहेर, पट्टी ते प्रोसेसर या वाटेवर होणारी चूक पकडत नाही. हा फरक दुकानात ठामपणे सांगावा.

लग्नाच्या फिल्ममध्ये एका चौकटीतला एक बिंदू बिघडला तर नवरदेवाच्या आत्यालाही कळणार नाही. परंतु खाणीतून किती घनमीटर माल उचलला याचा हिशेब ज्या पृष्ठभागावरून निघतो, किंवा दिवसेंदिवस चालणारे अभियांत्रिकी गणित जिथे होते, तिथे न कळलेली चूक बिलापर्यंत पोहोचू शकते. अशांनी ईसीसी घ्यावी. इंटेलमध्ये १२ व्या ते १४ व्या पिढीसाठी डब्ल्यू ६८० चिपसेटचा बोर्ड लागतो. एएमडीमध्ये बोर्डाच्या पुस्तिकेत ईसीसी चालते असे स्पष्ट लिहिलेले असले तरच भरवसा ठेवावा. थ्रेडरिपर ७००० आणि झिऑन डब्ल्यूच्या २४०० व ३४०० या मोठ्या वर्कस्टेशनच्या प्रोसेसर-मालिकांना रजिस्टर्ड म्हणजे आरडिम पट्ट्या लागतात, चार किंवा आठ चॅनेल असतात, आणि त्या साध्या डेस्कटॉपच्या जागेत बसत नाहीत. सर्व्हरमधून काढलेल्या स्वस्त आरडिम विकत घेऊन पस्तावणारा दरवर्षी एक तरी भेटतो.

सातवी पायरी : आपल्याकडचा उन्हाळा

परदेशी परीक्षणे २०-२२ अंशांच्या खोलीत होतात. मे अखेरच्या नवतप्यात नागपूरचा पारा ४५ च्या पुढे जातो, कूलर लावलेल्या खोलीतही दुपारी तिशीच्या वरचेच तापमान असते, आणि कॅबिनेटच्या आत ग्राफिक कार्डाची गरम हवा थेट रॅमवर जाते. डीडीआर ५ मध्ये वीज नियंत्रित करणारी चिपही पट्टीवरच असते, ती आपली उष्णता वेगळी घालते. मेमरी चिपची सर्वसाधारण मर्यादा ८५ अंशांची. त्यावर गेल्यास साठवलेली माहिती टिकवण्यासाठी तिला दुप्पट वेळा ताजे करावे लागते. पण त्याच्या बऱ्याच आधी, वेग ताणून चालवलेल्या पट्ट्या चुका करू लागतात. माझे रेंडर जानेवारीत नव्हे, मे महिन्यात पडले याचे कारण हेच असावे.

डीडीआर ५ च्या पट्टीवर तापमापक असतो आणि एचडब्ल्यूइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्याचा आकडा दिसतो. दुपारी तीन वाजता, रेंडर चालू असताना तो पाहावा आणि साठीच्या पुढे जात असेल तर समोरून हवा आत घेणारा एक पंखा वाढवावा. कूलरचा झोत मात्र कॅबिनेटवर सोडू नये. त्याच्या दमट हवेबरोबर बारीक तुषार आणि धूळ आत जाते. पट्टीवरचा उष्णताशोषक धातू उपयोगी असतो, परंतु उंच पट्टी प्रोसेसरच्या मोठ्या पंख्याखाली अडकते, म्हणून दोन्हींची उंची आधी जुळवून घ्यावी.

आठवी पायरी : खरेदी, बसवणी आणि चाचणी

दुकानात जाण्याआधी मदरबोर्ड कंपनीच्या संकेतस्थळावर तपासलेल्या रॅमची यादी असते, तिला क्यूव्हीएल म्हणतात, तीतून दोन-तीन मॉडेल क्रमांक लिहून न्यावेत. दोन पट्ट्या एकाच सीलबंद खोक्यातल्या असाव्यात. पक्के जीएसटी बिल घ्यावे आणि त्यावर पट्ट्यांचे अनुक्रमांक लिहून घ्यावेत. रॅमवर दहा वर्षांची किंवा आजीवन वॉरंटी सहसा मिळते, पण बिल हरवले की ती कागदावरच राहते. जुनी रॅम घ्यायचीच असेल तर चाचणीसाठी दोन दिवस मिळतील अशा बोलीवरच घ्यावी.

चार जागांच्या बोर्डावर दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या जागी बसवतात. पुस्तिका पाहून खात्री करावी. पहिल्यांदा सुरू केल्यावर, विशेषतः एएम ५ वर, पडदा काही मिनिटे काळाच राहतो, कारण बोर्ड मेमरीचे जुळवणीचे काम करत असतो. या वेळी घाबरून बटण दाबू नये. पुढे बायॉसमध्ये जाऊन इंटेलवर एक्सएमपी किंवा एएमडीवर एक्स्पो ही छापील वेगाची तयार सेटिंग चालू करावी लागते. ते न केल्यास ६००० ची पट्टी ४८०० सारख्या मूळ वेगाने चालत राहते आणि मालकाला वर्षानुवर्षे पत्ता नसतो. सीपीयू-झेडमध्ये वेग ३००० दिसला तर फसवणूक झाली असे समजू नये, ते सॉफ्टवेअर निम्मा आकडा दाखवते.

शेवटी मेमटेस्ट ८६ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकून चाचणीच्या चारही फेऱ्या पूर्ण होऊ द्याव्यात. ६४ जीबीला त्यासाठी बरेच तास लागतात. एकही चूक चालत नाही. चूक आलीच तर एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करून पुन्हा चाचणी घ्यावी : मूळ वेगावरही चूक येत असेल तर एकेक पट्टी वेगळी लावून तपासावी, सदोष पट्टी सापडली की पडद्याचा फोटो आणि बिल घेऊन दुकान गाठावे, आणि खोक्यातल्या दोन्ही पट्ट्या बदलून मागाव्यात. मूळ वेगावर चूक येत नसेल, तर ६००० ऐवजी ५६०० ठेवून पुन्हा एकदा, या वेळी दुपारी, चाचणी लावावी.